काकू, मंडईत जा. पण शनिवारी नको

(पत्र आणि उत्तर, दोन्ही ऑगस्ट २०२१ मधली.)

पत्र, थोडक्यात:

‘माझं वय ७२, यजमानांचं ७८. पुण्यात पेठेत राहतो. यजमानांना मधुमेह आहे, बायपासही झाली आहे. मुलगा-सून वाकडला असतात. गेल्या वर्षीच्या मार्चपासून आमचा किराणा, भाजी, औषधं सगळं मुलगा ॲपवरून पाठवतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांचा लशीचा दुसरा डोस झाला. आता १५ ऑगस्टपासून दुकानं रात्री दहापर्यंत उघडी आहेत. खाली माणसांची वर्दळ आणि मी खिडकीत. मागच्या आठवड्यात यजमान झोपले होते, तेव्हा कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून मेथीची एक जुडी आणली आणि पदराखाली लपवून घरात आले. शेजारणीने पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत मुलाला कळलं. तो रागावला नाही, रडला. एप्रिलमध्ये माझी धाकटी जाऊ करोनाने गेली. तिच्यासाठी बेड शोधत तोच रात्रभर फिरत होता. त्याचं दुःख मला कळतं. पण चाळीस वर्षं मी स्वतः मंडईत गेले आहे. यंदा गौरींच्या भाज्या तरी हाताने निवडून आणाव्यात असं वाटतं. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. जाऊ का? की हा म्हातारपणीचा हट्ट आहे?’

प्रिय काकू,

हट्ट नाही. जा. हे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही निवांतपणे वाचाल. पण येत्या शनिवारी जाऊ नका, आणि पहिल्याच फेरीत थेट मंडई गाठू नका. आणखी एक. ती मेथी तुम्ही ज्या माणसापासून लपवलीत, त्याच्याशी बोलल्याशिवाय जाऊ नका. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी भीतीकडे वळू या, कारण ती तुम्ही पत्राच्या शेवटी, एका वाक्यात लिहिली आहे. मला ते वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. गेल्या वर्षी आपल्या सगळ्यांना वस्तूंची भीती शिकवली गेली. दुधाच्या पिशव्या धुतल्या, वर्तमानपत्र बंद केलं, नोटा उन्हात ठेवल्या, भाजी सोड्याच्या पाण्यात तासभर बुडवली. त्या वेळी जेवढं ठाऊक होतं त्यावरून लोकांनी ते केलं, त्यात चूक काही नाही. पण आता त्याहून बरंच अधिक कळलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या एप्रिलमध्ये सांगितलं की, विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजार वेळांत एकदाहूनही कमी आहे. २० मे रोजी आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने साध्या भाषेत एक पत्रक काढलं. त्यात होतं की, बोलताना-खोकताना उडणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात. पण अगदी बारीक कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात.

हे स्वयंपाकघरातल्या अनुभवातून समजून घ्या. बंद स्वयंपाकघरात सुक्या मिरचीची फोडणी दिली तर आतल्या खोलीतला माणूसही खोकतो. तीच फोडणी अंगणातल्या चुलीवर दिली तर शेजारी उभी असलेली बाईसुद्धा फारशी खोकत नाही. मिरची तीच, तेल तेच, फरक हवेचा. करोनाचंही बरंचसं असंच आहे. त्यामुळे ‘ही वस्तू कोणी हाताळली असेल?’ हा प्रश्न मागे ठेवा. त्याऐवजी ‘इथे किती माणसं, किती वेळ, किती बंद जागेत श्वास घेत आहेत?’ हे आधी पाहा.

असं पाहिलं की बरीच उलथापालथ होते. काचेच्या दाराचं, एसी लावलेलं, चकचकीत सुपरमार्केट आपल्याला स्वच्छ वाटतं आणि चिखलात उभी असलेली हातगाडी धोक्याची. तुमच्या वयाला सध्या उलट आहे. उघड्या आभाळाखाली पाच मिनिटं उभं राहून घेतलेली मेथी ही तुम्ही करू शकाल त्या खरेदीतली सगळ्यांत सुरक्षित खरेदी होती. मुलाला हे जरूर सांगा. मॉलमध्ये सध्या दोन डोस झालेल्यांनाच आत सोडतात, हे चांगलंच आहे. तरी ती जागा तुमच्या यादीत शेवटची असू दे. मंडईचं, म्हणजे आपल्या महात्मा फुले मंडईचं, म्हणाल तर १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली ती इमारत आपल्या सोयीची आहे: उंच छत, चहूकडून दारं, वारा खेळता. म्हणजे इमारतीची काळजी नाही. शनिवार संध्याकाळची आहे, आणि तुळशीबागेच्या बोळात खांद्याला खांदा लागतो तेव्हाची आहे.

भाजी घरी आणलीत की नळाच्या वाहत्या पाण्याने धुवा, जशी आपली आई धूत होती. साबण, सॅनिटायझर भाजीला लावू नका. ते पोटात जायला नको. घरी आल्यावर हात मात्र साबणाने धुवा. एवढं पुरे.

आता लशीचं. दुसरा डोस मेच्या सुरुवातीला, म्हणजे त्याला तीन महिन्यांहून जास्त झाले. लशीने गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून मोठं संरक्षण मिळतं. ते तुम्हा दोघांकडे आहे. तुमच्या जाऊबाई गेल्या तेव्हाचा एप्रिल आणि आत्ताचा ऑगस्ट यात तुमच्यापुरता हा सगळ्यांत मोठा फरक आहे. पण लस घेतलेल्यालाही संसर्ग होऊ शकतो, आणि सध्याच्या डेल्टा प्रकारात तो होतोही. तुम्हाला नुसती सर्दी होऊन जाईल. तीच सर्दी घरातल्या, मधुमेह आणि बायपास झालेल्या ७८ वर्षांच्या माणसाला जड जाऊ शकते. म्हणजे बाजारात तुम्ही एकट्या जाता, पण धोका दोघांचा असतो.

म्हणूनच मला वाटतं, ज्यांना विचारायचं ते यजमान आहेत, मुलगा नव्हे. तुमच्या पत्रात मुलाबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. यजमानांना काय वाटतं ते एका ओळीतही नाही. ते झोपले होते, एवढंच. आज दुपारी चहा झाल्यावर त्यांच्यासमोर बसा आणि सांगा, ‘मला बाहेर पडायचंय. त्याने तुम्हालाही थोडा धोका आहे. तुम्हाला काय वाटतं?’ कदाचित ते नको म्हणतील. मग कशाची भीती वाटते ते विचारा आणि त्यावर उपाय काढा. कदाचित ते म्हणतील, येताना अंजीर आण. नवराबायकोने मिळून घेतलेला निर्णय असला तर शेजारीण चुगली करू शकत नाही, कारण चुगली करायला काही उरतच नाही. त्यांची साखर सध्या आटोक्यात आहे की नाही, हेही या निमित्ताने तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. या दीड वर्षात बऱ्याच वडीलधाऱ्यांच्या नेहमीच्या तपासण्या राहून गेल्या आहेत.

यानंतर ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते सांगते: तुमचे पाय. माझी आई साताऱ्याला असते, वय ७६. चौदा महिने तिने उंबरठा ओलांडला नाही. मीच तिला तशी शपथ घातली होती. लागेल ते सगळं मी पुण्यातून मागवून पाठवत होते आणि आपण आईची किती काळजी घेतो, या समाधानात होते. या जुलैत मी गेले तेव्हा तिला घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निघाले. जेमतेम दोनशे पावलं. त्यात ती दोनदा लोकांच्या पायऱ्यांवर बसली. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ, रक्त बरं, हृदय ठीक. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पाय वापरात नाहीत. रोज बाजाराला जाणारी बाई वर्षभर घरात बसली तर मांड्यांतली ताकद उतरते, तोल जातो, आणि उतारवयात गेलेली ताकद परत यायला फार वेळ लागतो. ती दोनशे पावलं मी विसरू शकलेले नाही. करोनापासून मी तिला वाचवलं, हे खरं. त्याची किंमत तिच्या पायांनी मोजली, हेही खरं.

म्हणून काकू, तुमचा पहिला आठवडा खरेदीचा नाही. सकाळी ऊन कोवळं असताना वाड्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी बारा. कठडा धरून एक मजला जिना उतरा, चढा. आठवड्याच्या शेवटी हातात एक किलोची पिशवी घेऊन तेवढंच चालून पाहा. रिकाम्या हाताने चालणं आणि भाजीची पिशवी घेऊन चालणं यातला फरक तुम्हाला दंडाला लगेच जाणवेल. ऑगस्टचा पाऊस आहे. मंडईच्या फरशीवर पाणी, कोबीचा पाला, केळीची सालं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर तो करोनाइतकाच मोठा घात. जुनी, तळ झिजलेली चप्पल घालून जाऊ नका. मागे पट्टा असलेली आणि तळाला खाचा असलेलीच घाला. साडी घोट्याच्या वर खोचा.

दुसऱ्या आठवड्यात हातगाडी आणि वाणी. तुमच्या नेहमीच्या वाण्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘दुकान उघडल्या उघडल्या येते, गर्दीच्या आधी.’ गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्सने आणि ब्रिटनमध्ये सेन्सबरीजने दुकानातला सकाळचा पहिला तास वृद्धांसाठी राखून ठेवला होता. आपल्याकडे अशी सोय वाण्याला सांगून करून घ्यावी लागते, आणि बहुतेक वाणी आनंदाने करतात; चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक त्यांनाही परत हवं असतं. यादी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, फळीच्या बाहेर उभ्या राहा, यादी द्या आणि दोन पावलं मागे या. तेल, गव्हाचं पीठ, साखर असलं जड सामान तिथून उचलू नका. ते ॲपवरच राहू दे.

मास्कबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे असं तुम्ही म्हणाल. पण बाजारात मी एक गोष्ट रोज पाहते, ती मुद्दाम लिहिते. तुमच्या वयाची माणसं रस्त्याने चालताना मास्क नीट लावतात आणि भाव करताना खाली ओढतात. भाजीवाल्या मावशींना ऐकू येत नाही, आपल्याला त्यांचं कळत नाही. मग दोघी मास्क हनुवटीवर घेतात आणि एकमेकींकडे वाकून मोठ्याने बोलतात. सगळ्या फेरीत मास्क हवा असा जो एक क्षण, नेमका तोच उघडा जातो. मोठ्याने बोलण्यात कण जास्त उडतात, अंतर हातभर उरतं. यावर उपाय साधा आहे: बोट दाखवा, बोटांनी किती ते सांगा, भाव पाटीवर लिहिलेला नसेल तर त्यांना मोबाइलवर आकडा दाखवायला सांगा. घासाघीस करायचीच असेल तर मान हलवूनही होते. चाळीस वर्षांच्या अनुभवाला शब्द लागत नाहीत. आत सर्जिकल आणि वर कापडी असे दोन मास्क लावा, किंवा चांगला बसणारा एकच एन-९५. चष्म्यावर वाफ येत असेल तर मास्कची वरची कड नाकावर नीट बसलेली नाही असं समजा. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. कानातलं यंत्र वापरत असाल तर मास्कच्या नाड्या डोक्यामागे बांधायच्या घ्या, म्हणजे मास्क काढताना यंत्र निघून पडणार नाही. आणि पावसात मास्क भिजला तर तो निरुपयोगी झाला. पर्समध्ये कोरडा एक असू द्या.

मंडईला रिक्षाने जा. दोन्ही बाजू उघड्या असतात. पावसाचा पडदा असेल तर निदान एका बाजूचा वर करायला सांगा. निघण्याआधी काहीतरी खाऊन जा. फोन चार्ज केलेला असू दे, आणि पर्समध्ये नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी. वेळ सकाळी साडेसात-आठची, वार मंगळवार किंवा बुधवार. आत अर्ध्या तासाहून जास्त नको. ओळखीची भाजीवाली भेटेल, दीड वर्षाचं बोलायचं असेल. तिला बाहेर मोकळ्यावर घेऊन या आणि तिथे बोला. तिच्या घरचंही विचारा. या दीड वर्षात तिची पाटी किती दिवस रिकामी होती ते तुम्हाला कळायला हवं. खरं सांगते, बाजार हवासा वाटतो त्यातलं निम्मं कारण हे बोलणंच असतं. ॲप भाजी आणून देतं, पण कोणती पालक कालची आणि कोणती आजची हे आपण ओळखतो, याची ओळख ठेवणारं कोणी ॲपमध्ये नसतं.

आणि मुलगा. काकू, तो रडला हे वाचून मला पोटात तुटलं. एप्रिलमध्ये जे लोक बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, इंजेक्शनसाठी रात्रभर फिरले, त्यांच्यासाठी तो महिना अजून संपलेला नाही. तुम्ही मेथी आणायला उतरलात ते ऐकताना त्याला मेथी दिसली नाही, त्याला त्याच्या काकूच्या, म्हणजे तुमच्या जाऊबाईंच्या, वेळचा तो दवाखान्याचा व्हरांडा दिसला. त्याला ‘मी काही लहान नाही’ म्हणू नका. त्याची परवानगीही मागू नका. परवानगी मागितलीत की उद्या काही झालं तर ते त्याच्या डोक्यावर, आणि ते ओझं त्याला देणं बरोबर नाही. त्याला ठरलेलं सांगा: आम्ही दोघांनी मिळून असं ठरवलंय, अमुक दिवशी, अमुक वेळी, इतका वेळ, रिक्षाने, निघताना फोन करीन, परत आल्यावर फोन करीन. काळजी करणाऱ्या माणसाला अंदाज हवा असतो. आजवर तुम्ही त्याला तो दिला नाहीत, लपवून गेलात. तिथे तुमची चूक झाली, असं मला स्पष्ट वाटतं. बाहेर जाण्यात चूक नव्हती.

त्याच्याकडे कामही ठेवा. जड किराणा त्याचा, औषधं त्याची. तुमच्याकडे भाजी, फळं, फुलं. सुनेला सांगा की मंडईतून येताना तिच्यासाठी काय आणू. इतके महिने वस्तू एकाच दिशेने येत होत्या, त्यांच्याकडून तुमच्याकडे. त्यांनाही तुमच्या हातची निवडलेली गवार मिळू दे.

थांबायचं कधी, तेही आधीच ठरवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी वाद नको. घरात कोणालाही ताप, घसा, खोकला, चव गेली असं झालं तर फेरी बंद, दोघांची चाचणी. तुम्हालाच लक्षणं असतील तर त्याच घटकेपासून घरात यजमानांपासून वेगळ्या खोलीत, खिडक्या उघड्या, दोघांनाही मास्क. ऑक्सिमीटर घरात असेलच. आकडा ९४ च्या खाली गेला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. शहरात रुग्ण पुन्हा वाढू लागल्याच्या बातम्या आल्या तर मंडई थांबवा, हातगाडी चालू ठेवा. पण तेव्हाही आवारातलं चालणं थांबवू नका, काहीही झालं तरी.

राहिली गौरींची भाजी. गणपती १० सप्टेंबरला, गौरी १२ ला येतात आणि जेवण १३ ला, सोमवारी. ८ आणि ९ तारखेला मंडईच्या आसपास मुंगीला वाट मिळणार नाही. ११-१२ ला शनिवार-रविवार. हे चारही दिवस तुमच्यासाठी नाहीत. मंगळवारी ७ तारखेला सकाळी जा. तोवर तुमचे दोन आठवडे होतात. लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी, काकडी, पडवळ, दोडका हे त्या दिवशी आणलंत तर नीट ठेवल्यावर सोमवारपर्यंत टिकेल. भोपळा अख्खा नको, फोड घ्या; पिशवी दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका, उरलेलं पुढच्या दिवशी हातगाडीवर. अळू, आंबाडी, चवळई, मेथी मात्र आधी आणून सुकवू नका. कोपऱ्यावरच्या त्याच हातगाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा की १३ तारखेला सकाळी सातला सगळ्या पालेभाज्यांची एकेक जुडी तुमच्यासाठी बाजूला ठेव. खाली उतरायला यजमानांनाही बरोबर घ्या. गाडीपासून चार हात लांब उभे राहून त्यांनी पिशवी धरली तरी चालेल.